शांघाय : उंच इमारतींच्या मागचे गिरणगाव
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

चीनशी थेट विमानसेवा २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्यापासून सोलापूरच्या वाचकांकडून शांघायविषयी विचारणा करणारी पत्रे वाढली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात एकत्रच उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. वस्त्रोद्योग यंत्रसामग्रीचे प्रदर्शन पाहण्यासाठी आम्ही काही कारखानदार मिळून शांघायला जाणार आहोत. प्रदर्शन आटोपल्यावर अडीच दिवस हाताशी राहतील. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात नदीकाठचा बंड, पूदोंगचा दूरचित्रवाणी मनोरा, युयुआन उद्यान, नानजिंग रस्ता आणि एक रेशमाचे दुकान एवढेच आहे. आमच्यासारख्यांना याखेरीज पाहण्याजोगे काही आहे काय?

उत्तर : पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे तुमच्याच धंद्यातले आहे. बंडवरून नदीपलीकडचे दिवे एका संध्याकाळी अवश्य पाहावेत. रेशमाचे दुकान मात्र कार्यक्रमातून वगळावे, कारण तेथे जाणारा वेळ सहल कंपनीच्या सोयीचा असतो, प्रवाशाच्या नव्हे. आज शांघाय म्हटले की बँका आणि काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण विसाव्या शतकाचा मोठा काळ हे शहर कापडगिरण्यांचे होते, भोंग्यावर उठणारे आणि पाळ्यांत झोपणारे होते. सोलापूरच्या माणसाला हे शांघाय इतर प्रवाशांपेक्षा लवकर कळेल असे आम्हांला वाटते.

आरंभ शांघाय वस्त्रोद्योग संग्रहालयापासून करावा. सुझौ नदीच्या जवळ, आओमेन रस्त्यावर, शेन्शिन क्रमांक नऊ या सूतगिरणीच्या जागेवर ते उभे असून २००९ साली खुले झाले. या गिरणीची वंशावळ मोठी रंजक आहे. चीनमधील पहिली यंत्रचलित कापडगिरणी शांघायमध्येच सरकारी आश्रयाने उभारली गेली. तिची कल्पना १८७८ मध्ये पुढे आली. परंतु कारभारातील घोळ आणि भांडवलाची चणचण यांमुळे प्रत्यक्ष कापड निघायला पुढचे दशक जवळजवळ संपावे लागले, आणि जेमतेम जम बसतो न बसतो तोच १८९३ साली ती आगीत भस्मसात झाली. सोलापूरची जुनी गिरणी १८७० च्या दशकातच उभी राहिली होती, हे ध्यानात घेतले तर या बाबतीत आपले गाव शांघायच्या पुढे होते असे म्हणायला हरकत नाही. जळालेली गिरणी नव्या नावाने पुन्हा उभी राहिली, अनेकदा हात बदलत गेली आणि १९३१ मध्ये रोंग बंधूंनी ती विकत घेतली. पिठाच्या आणि सुताच्या गिरण्यांवर मोठे झालेले हे घराणे चीनच्या खाजगी उद्योगातील सर्वांत नामांकित घराण्यांपैकी एक होय. त्यांनीच ती गिरणी आओमेन रस्त्यावर हलवली. १९४८ च्या फेब्रुवारीत येथील कामगारांनी केलेला संप पोलिसांनी गोळीबार करून मोडला, त्यात स्त्री कामगार मृत्युमुखी पडल्या, आणि तेव्हापासून ही गिरणी चीनच्या कामगार चळवळीच्या इतिहासातही नोंदली गेली. मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांचा वारसा सांगणाऱ्या सोलापूरकरांना या दालनापुढे थोडे अधिक थांबावेसे वाटेल.

संग्रहालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर, मोगानशान रस्त्यावर, ‘एम पन्नास’ या नावाने ओळखला जाणारा परिसर आहे. हीदेखील एकेकाळची सूतगिरणीच. गिरणी थंडावल्यावर २००० सालच्या सुमारास चित्रकारांनी स्वस्त भाड्यात तिच्या खोल्या घेतल्या आणि आता तेथे चित्रदालने, छापखाने व कॉफीची दुकाने आहेत. चित्रांत फारसा रस नसला तरी इमारतींसाठी जावे. त्याला लागूनच, एका जुन्या पिठाच्या गिरणीच्या जागेवर, खांबाखांबावर झाडे लावलेले अजस्र व्यापारी संकुल उभे केले आहे. ते आम्हांला तितकेसे रुचले नाही, परंतु जुन्या भिंती पाडून न टाकता त्यांच्या भोवती नवे बांधकाम कसे करतात, हे पाहण्यासाठी उपयोगी आहे. येथून सुझौ नदीच्या काठाने चालत निघावे. ज्या नदीत गिरण्यांचे रंगीत पाणी सोडले जात असे आणि जिच्या काठी नाक धरल्याशिवाय उभे राहता येत नसे, तिची सफाई १९९८ पासून हाती घेतली गेली, आणि २०२० च्या अखेरीस शहरातून जाणारा सुमारे ४२ किलोमीटरचा काठ पादचाऱ्यांसाठी सलग जोडला गेला. रंगखाते चालवणाऱ्या कारखानदारांनी हा काठ एकदा डोळ्यांखालून घालावाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांगपू भागातील हुआंगपू नदीचा काठ धरावा. बंडवर ज्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, त्या वेळी त्याच नदीच्या खालच्या अंगाला साडेपाच किलोमीटरचा हा पट्टा बराच मोकळा असतो. धक्के, वखारी, गिरण्या, तंबाखूचे गोदाम अशा एकामागून एक बंद पडलेल्या गोष्टींना पादचारी मार्गाने ओवून घेतले आहे. तंबाखूच्या गोदामाचे मजले पायऱ्यांसारखे कापून त्यांवर बाग केली आहे. वाटेत किल्ल्यासारखे बुरूज असलेली एक विटांची इमारत लागते, ते यांगशुपूचे जलशुद्धीकरण केंद्र. १८८३ मध्ये ली होंगझांग या मातब्बर चिनी मुत्सद्द्याच्या हस्ते त्याचा पहिला नळ सुरू झाला आणि आजही ते शहराला पाणी पुरवते. आणखी पुढे गेले की पूर्वीची सरकारी क्रमांक सतराची सूतगिरणी येते. ती मूळची जपानी मालकीची, १९२० च्या दशकातील. तिचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर ओळीने पसरलेले दिसते. प्रत्येक दात्याची काच उत्तरेकडे, म्हणजे उजेड मिळावा पण ऊन थेट साच्यांवर आणि सुतावर पडू नये. ही रचना तुम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माओच्या अखेरच्या काळात सत्ता गाजवणाऱ्या चार नेत्यांच्या ‘चौकडी’तील वांग होंगवेन हा याच गिरणीतला कर्मचारी होता, आणि १९७३ मध्ये तो पक्षाचा उपाध्यक्ष झाला. आता तेथे तयार कपड्यांची सवलतीची दुकाने आणि फॅशनचे कार्यक्रम होतात. दुकाने सामान्यच आहेत. छप्पर पाहावे आणि निघावे.

उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी आम्ही जी जागा सुचवतो ती शांघायच्या प्रवासी पुस्तकांत क्वचितच सापडते, आणि तरीही सोलापूरच्या विणकराने टाळू नये अशी ती एकच असेल तर हीच. शहराच्या दक्षिणेस, शूहुई जिल्ह्यातील हुआजिंग भागात, हुआंग दाओपो या स्त्रीची समाधी आणि स्मारकभवन आहे. तेराव्या शतकात, युआन राजवटीच्या काळात, ती होऊन गेली. दक्षिणेकडील हायनान बेटावर तिने अनेक वर्षे काढली, तेथील ली जमातीच्या स्त्रियांकडून कापसाचे काम शिकली आणि उतारवयात आपल्या वुनीजिंग गावी परतून ते सर्वांना शिकवले. कापसाची लागवड मुळात भारतीय उपखंडातील, आणि चीनच्या दक्षिण किनाऱ्याकडे ती सरकत सरकत गेलेली. म्हणजे या कथेचे एक टोक आपल्याकडेही येते.

तिने नेमके काय बदलले ते पाहण्याजोगे आहे. तोवर तिच्या गावात सरकी बोटांनी सोलून काढीत. तिने दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करणारे यंत्र आणले. पिंजण्यासाठी हातभर लांबीची धनुकली वापरीत. तिने मोठे धनुष्य, जाड दोरी आणि ती ठोकायला लाकडी हातोडी असा संच रूढ केला, ज्याची जात आपल्या पिंजाऱ्याच्या धनुष्याचीच. आणि चरखा : एका चातीच्या, हाताने फिरवायच्या चरख्याऐवजी तीन चात्यांचा, पायाने चालवायचा चरखा. पाय पट्टीवर आलटून पालटून दाबले की मोठे चाक फिरते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. डाव्या हाताच्या बोटांच्या फटींत तीन पेळू धरून कातणारी बाई एकाच वेळी तीन धागे ओढते. युरोपात एकाच माणसाकडून अनेक चात्या चालवून घेणारी यंत्रे अठराव्या शतकात आली, हे लक्षात घेतले म्हणजे या लाकडी चरख्याचे मोल कळते. वुनीजिंगची ही हस्तकला २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत समाविष्ट झाली. स्मारक लहान आहे, जवळचे मेट्रो स्थानक लगत नाही आणि इंग्रजी माहिती मोजकीच. तेव्हा ठिकाणाचे नाव चिनी अक्षरांत लिहून घ्यावे व टॅक्सीने जावे.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून झाले त्याच घराण्याचे शांघायमध्ये मोठे साम्राज्य होते, असे वाचनात आले. मुलाकडे शांघायला जाण्याचा योग आहे. तेथे भारताशी नाते सांगणाऱ्या जागा कोणत्या?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून यांनी आपला मुलगा एलियास याला १८४४ मध्ये चीनला धाडले, आणि मुंबईचे सूत व अफू यांच्या व्यापारावर घराण्याने तेथे पाय रोवले. अफूचा उल्लेख देणगीच्या फलकांवर कुठे नसतो, पण तो विसरून चालत नाही. याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांच्या मुंबईत कापडगिरण्या होत्या. त्यांनी पुढे आपला कारभार शांघायला हलवला आणि १९२९ मध्ये बंडवर ससून हाउस बांधले. हिरव्या निमुळत्या छपराची ती इमारत आज पीस हॉटेल म्हणून प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध असल्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहीत नाही; आत एक लहानसे संग्रहालय आहे, एवढे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. शानशी उत्तर रस्त्यावरील ओहेल राशेल हे १९२० चे भव्य सिनेगॉगही ससून घराण्यानेच बांधले, पण ते सहसा उघडे नसते.

मेट्रोच्या बाराव्या मार्गावरील तिलानचियाओ स्थानकाजवळ असलेल्या ओहेल मोशे या दुसऱ्या सिनेगॉगमध्ये यहुदी निर्वासितांचे संग्रहालय आहे, आणि त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. हिटलरच्या छळाला कंटाळून निघालेल्या यहुद्यांना जगातील बहुतेक देश दारे बंद करीत होते, तेव्हा शांघायमध्ये उतरण्यासाठी प्रवेशपरवाना लागत नसे. त्यामुळे सुमारे वीस हजार माणसे होंगकौ भागातील या दाट गल्ल्यांत येऊन राहिली. १९४३ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना ठरावीक हद्दीत कोंडले. त्यांच्या मदतीला जे धावले त्यांत मुंबईशी नाते असलेली बगदादी यहुदी घराणी होती. ससून, तसेच कदूरी, ज्यांच्या नावाची शाळा माझगावला आहे. संग्रहालयाच्या आवारात निर्वासितांची नावे कोरलेली लांब भिंत आहे. तेथे लहानाचा मोठा झालेला मायकेल ब्लुमेंथाल पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. एली कदूरी यांची समाधी शहराच्या पश्चिमेस सोंग चिंगलिंग स्मृति-उद्यानात, परदेशी नागरिकांच्या दफनभूमीत आहे. दहाव्या मार्गावरील सोंगयुआन रस्ता स्थानकाजवळचे हे उद्यान अतिशय शांत आहे.

शीखांची खूण शोधायची असेल तर तिसऱ्या मार्गावर दोंगबाओशिंग रस्ता हे स्थानक आहे. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत ब्रिटिशांनी १८८० च्या दशकापासून शीख पोलीस शिपाई नेमले होते, आणि त्यांच्यासाठी १९०८ मध्ये या रस्त्यावर गुरुद्वारा उभा राहिला. इमारत आजही आहे, परंतु तिचा वापर केव्हाच बदलला असून आत जाण्याची अपेक्षा धरू नये. विटांच्या कमानी बाहेरून पाहून परतावे. रवींद्रनाथ ठाकुरांचा अर्धपुतळा मात्र सहज सापडतो. १९२४ मध्ये ते शांघायला आले होते आणि कवी शू झिमो त्यांचे दुभाषी व स्नेही होते. नानचांग रस्ता आणि माओमिंग दक्षिण रस्ता जेथे मिळतात, तेथील चिनार जातीच्या झाडांखाली हा पुतळा आहे, आणि २०१० मध्ये त्याचे अनावरण आपल्या महाराष्ट्रातील प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती या नात्याने केले. आपण शिक्षिका आहात, म्हणून आणखी एक सुचवतो : लू शुन उद्यान. आधुनिक चिनी साहित्याचा पाया घालणारे लू शुन यांचे १९३६ मध्ये शांघायलाच निधन झाले. या उद्यानात त्यांची समाधी व संग्रहालय आहे, आणि सकाळी गेल्यास वृद्ध मंडळी ओला कुंचला घेऊन फरशीवर पाण्याने सुंदर अक्षरे काढताना दिसतात. उन्हाच्या दिवसांत ती अक्षरे ओळ पूर्ण होण्याआधीच वाळू लागतात, तरी लिहिणारा पुढे सरकत राहतो.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी असून भैय्या चौकाजवळ राहतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे शांघायमध्ये एखादे स्मारक आहे काय?

उत्तर : डॉक्टरांचे खरे स्मारक तेथे नाही, आणि त्याचे कारण इतिहासातच आहे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक, ज्यात सोलापूरचे कोटणीस होते, १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले, तेव्हा शांघाय जपान्यांच्या ताब्यात जाऊन बरेच महिने लोटले होते. त्यामुळे पथक दक्षिणेकडील ग्वांगझौ बंदरात उतरले आणि तेथून वुहान, चोंगचिंग असे करीत १९३९ च्या आरंभी चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतात देह ठेवला. त्यांची समाधी त्याच प्रांतातील शिजियाझुआंग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत, चीनच्या मदतीला आलेले कॅनेडियन डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीप्रमाणेच मानाने जपलेली आहे. बेजिंगहून वेगवान रेल्वेने तेथे जाऊन त्याच दिवशी परत येता येते. शांघायहून मात्र प्रवास लांबचा असल्याने मुक्काम धरावा. शांघायमध्ये या कथेचा एकच धागा हाती लागतो. ग्वांगझौला पथकाचे स्वागत करणाऱ्या सोंग चिंगलिंग, म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांच्या पत्नी, यांचे निवासस्थान हुआइहाइ मध्य रस्त्यावर जतन केलेले आहे.

प्रश्न : होटगी रोडवरून लिहीत आहे. सोबत माझ्या सासूबाई आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे. कालव्यांकाठची जुनी गावे पाहायची इच्छा आहे, परंतु गर्दी आणि फार चालणे त्यांना झेपणार नाही. काय करावे?

उत्तर : बहुतेक जण झुजियाजियाओला जातात. गाव सुरेख आहे, पण सुटीच्या दिवशी तेथील मुख्य गल्लीत गर्दीच माणसाला पुढे ढकलते. सासूबाई सोबत आहेत, तर जिंझे गाठावे. मेट्रोचा सतरावा मार्ग पश्चिमेकडे शेवटपर्यंत धरावा आणि पुढे टॅक्सी करावी. हे पुलांचे गाव आहे. सोंग, युआन, मिंग आणि चिंग अशा चार राजवटींतील दगडी पूल एकाच लहान प्रवाहावर थोड्याथोड्या अंतराने उभे आहेत. तेराव्या शतकातील पूजी पुलाचा दगड जांभळट झाक मारतो आणि पाऊस पडून गेल्यावर ती झाक स्पष्ट उठून दिसते. पुलांच्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत, तेव्हा सासूबाईंनी पूल काठावरून पाहावा, तरुणांनी चढावे. दुकाने थोडी, प्रवासी थोडे, आणि कट्ट्यावर भाजी निवडत बसलेली गावकरी मंडळी अधिक.

चालणे आणखी कमी हवे असेल तर सोंगजियांगचे चौकोनी पॅगोडा उद्यान उत्तम. नवव्या मार्गाच्या मेट्रोने जाता येते. अकराव्या शतकातील नऊमजली लाकूड-विटांचा पॅगोडा आणि त्याच्यासमोर १३७० सालची विटांत कोरलेली भिंत ही तेथील दोन मुख्य आकर्षणे. भिंतीवर लोभाचे प्रतीक असलेला ‘तान’ नावाचा खवल्यांचा प्राणी आहे. त्याच्या पायांशी धनदौलत, रत्ने, सर्व काही लोळते आहे, तरी तोंड वर करून तो सूर्य गिळायला निघालेला. चिनी आया मुलांना या भिंतीपुढे उभे करून गोष्ट सांगतात. उद्यानाच्या एका कोपऱ्यात बांबूचा सांगाडा आणि गवती छप्पर असलेला चहाचा मंडप आहे. फंग जिझोंग या वास्तुविशारदाने तो १९८० च्या दशकात रचला आणि वास्तुकलेचे विद्यार्थी तो पाहायला दुरून येतात. सासूबाईंना तेथे चहा घेत तासभर आरामात बसता येईल. ज्यांनी वर हुआंग दाओपोविषयी वाचले असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो की तिने शिकवलेल्या कामावर पुढील शतकांत मोठे झालेले, देशभर कापड पुरवणारे सोंगजियांग ते हेच.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. चीनमध्ये खाण्याचे हाल होतात असे ऐकून जाण्याचा बेत दोनदा पुढे ढकलला. खरेच इतके कठीण आहे काय?

उत्तर : साध्या खाणावळीत कठीण आहे हे खरे, कारण भाजीच्या ताटलीतही डुकराची चरबी किंवा मांसाचा रस्सा सर्रास असतो आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु शांघायमध्ये बौद्ध शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे, जिच्यात मांसमासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. नानजिंग पश्चिम रस्त्यावरील गोंगदलिन हे उपाहारगृह १९२२ पासून याच पद्धतीचे जेवण देते. तेथे बदकासारखी, माशासारखी दिसणारी ताटली समोर आली तर दचकू नये, ती सोयाबीनची किंवा गव्हाच्या सत्त्वाची असते. वर सांगितलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयापासून जवळच जेड बुद्धाचे मंदिर आहे. तेथील पांढऱ्या दगडाच्या बुद्धमूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशातून आणलेल्या. मंदिराच्या भोजनशाळेत अळंबीचे गरम नूडल्स अगदी माफक दरात मिळतात. दक्षिणेकडील लोंगहुआ मंदिरातही अशी सोय आहे. अळंबी आणि कंदमुळे ज्यांना चालत नाहीत त्यांनी मात्र आपली अडचण चिनी भाषेत सविस्तर लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी, कारण त्या स्वयंपाकात ती असतातच. दूध आणि अंडी यांचीही चौकशी करावी.

सोलापूरकरांकडे एक सोय आहे, जिचा हेवा इतरांनी करावा : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही आठवडाभर बिनघोर टिकतात. ताजी फळे आणि दूधदुभत्याचे पदार्थ चीनमध्ये नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे आणि तूप घरीच राहू द्यावे.

प्रश्न : छायाचित्रणाचा छंद आहे. जुन्या शांघायची गल्ली आणि काही चमत्कारिक वास्तू सुचवाल काय? (साखर पेठ)

उत्तर : गल्लीसाठी बुगाओली. शानशी दक्षिण रस्त्यावरील १९३० ची ही चाळवजा वसाहत आहे. दारावर चिनी धाटणीची कमान आणि कमानीवर फ्रेंच नाव, अशी गंमत. आत लोक राहतात, म्हणून पहाटे किंवा दुपारी शांतपणे जावे आणि कोणाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा रोखू नये. चमत्कारिक वास्तू म्हणाल तर हायलुन रस्ता स्थानकाजवळचा, १९३३ सालचा कत्तलखाना. आज तेथे कार्यालये आणि उपाहारगृहे आहेत. बाहेरून चौकोनी, आत गोल. मधल्या पोकळीत काँक्रीटचे पूल एकमेकांवरून गेलेले, गुरे घसरू नयेत म्हणून उतारांवर खरबरीत पट्टे, आणि बिथरलेल्या जनावरापासून माणसाला वाचता यावे म्हणून ठेवलेल्या अरुंद वाटा. छाया-प्रकाशाचा खेळ विलक्षण आहे. काम कोणत्या प्रकारचे चालत होते हे आठवले तर मन खट्टू होते, एवढे आधी सांगून ठेवतो.

शनिवार-रविवारी दुपारी पीपल्स पार्कमध्ये लग्नाचा बाजार भरतो. उपवर मुलामुलींचे आईवडील जमिनीवर उघड्या छत्र्या मांडून त्यांवर कागद चिकटवतात. कागदावर जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार आणि स्वतःचे घर आहे की नाही. आपल्या वधूवर मेळाव्यात वावरलेल्याला भाषा न येताही सगळे उमगते. येथे चेहऱ्यांची छायाचित्रे काढलेली लोकांना मुळीच आवडत नाहीत, छत्र्यांची काढावीत.

प्रश्न : पैसे आणि फोन यांचे काय करावे? (रेल्वे लाइन्स)

उत्तर : निघण्यापूर्वी फोनमध्ये अलीपे हे पैसे देण्याचे चिनी ॲप घेऊन त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडावे, रुपे कार्डावर विसंबू नये. थोडे युआन, म्हणजे चिनी चलन, रोख ठेवावेत. व्हॉट्सॲप आणि गूगल तेथील इंटरनेटवर चालत नाहीत, परंतु भारतीय सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्यास सहसा चालतात, त्यामुळे घरच्यांशी बोलण्यासाठी तोच सोपा मार्ग. संग्रहालयांच्या दाराशी पासपोर्ट मागतात, तो रोज सोबत असावा. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनमधील राष्ट्रीय सुटीचा असतो आणि त्या काळात अर्धा देश प्रवासाला निघतो, तेव्हा तारखा त्या टाळून ठरवाव्यात.